चहाच्या पाण्यात म्हातारा झालेला फोटो

मी एक जुना फोटो आहे, असे म्हणून सुरुवात करायची रीत आहे. तुमच्या वहीत तुम्ही जुन्या छत्रीचे आणि जुन्या घड्याळाचे मनोगत असेच लिहिता. पण मित्रांनो, मला ते पहिलेच वाक्य खरेपणाने लिहिता येत नाही. मला पाहणारा कोणीही म्हणेल की हा ऐंशी वर्षांचा तरी असणार. माझा रंग पिवळट तपकिरी आहे. मधून एक घडी गेली आहे, एक कोपरा झिजून गोल झाला आहे आणि उजव्या बाजूला कपाच्या बुडाएवढा डाग आहे. खालच्या कडेला अर्धवट पुसलेला शिक्का आहे, त्यात १९४१ एवढेच वाचता येते. आणि खरे वय विचाराल, तर येत्या पितृपक्षात मला दोन वर्षे पूर्ण होतील.

माझा जन्म सेलूचा. रेल्वे स्टेशनकडून बाजाराकडे येताना नागेशचा फोटो स्टुडिओ लागतो, तिथला. नागेश माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. त्याचे मूळचे काम जुन्याचे नवे करण्याचे. खेड्यापाड्यांतून लोक पिशवीत गुंडाळून आईबापांचे फोटो आणायचे. बुरशी लागलेले, उंदराने कुरतडलेले, नाक एकीकडे आणि कान दुसरीकडे झालेले. नागेश कॉम्प्युटरवर बसून ते जुळवायचा, डाग पुसायचा, एखाद्या उघड्या गळ्याच्या म्हाताऱ्याला कोट चढवायचा. मग म्हाताऱ्याची पोरे तो कोट पाहून रडायची, जन्मात त्याने कोट घातलेला नसताना.

पुढे वारे फिरले. लग्न ठरलेली जोडपी चारठाण्याला जाऊन तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांना टेकून फोटो काढून घेऊ लागली आणि नागेशला म्हणू लागली, जुन्या काळातले वाटले पाहिजेत. कालचा फोटो आज पन्नास वर्षांचा हवा. हौसेला मोल नाही. नागेश तेही शिकला. काळा रंग फिका कसा करायचा, कडा कशा काळवंडायच्या, ओरखडे कुठे मारायचे म्हणजे चेहरा वाचतो, सगळे त्याच्या बोटांत बसले. एकाच खुर्चीत बसून तो सकाळी म्हाताऱ्यांना तरुण करायचा आणि दुपारी तरुणांना म्हातारे. त्या दोन्ही कामांची सरमिसळ झाली, तेव्हा मी झालो.

एका दुपारी शिवकन्या टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन स्टुडिओत आली. वीसेक वर्षांची मुलगी, कॉलेजात शिकणारी, मायाळू आणि उतावळी. फ्रेम तिने घरातून कोणाला न सांगता आणली होती. ती धुरपताबाईंच्या पेटीतली होती.

धुरपताबाई म्हणजे शिवकन्येच्या वडिलांची, भागवतची आत्या. वय एकोणऐंशी. लग्न होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच नवरा तापाने गेला आणि त्या सावत्र भावाच्या घरी परत आल्या, त्या कायमच्या. भागवतला त्यांनीच वाढवले. भागवत एका शाळेत कारकून आहे. घर दोन खोल्यांचे, स्लॅबचे, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या पाठीमागे. हंगामात तिथे हवेत कापसाचे तूस उडते आणि पुसून पुसून माणूस थकते. धुरपताबाई दिवसभर दारात बसून देवासाठी फुलवाती वळायच्या आणि दिसत नसतानाही त्यांची एक वात दुसरीपेक्षा लांब होत नसे.

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आईचा चेहरा पाहायचा होता. त्या वर्षाच्या असतानाच आई गेली. फोटो नव्हता, चित्र नव्हते, काहीच नव्हते. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, घरात पान वाढायचे. सावत्र आईचा फोटो भिंतीवर होता, तिची तिथी वेगळी. या आईच्या नावाने मात्र पाटावर एक सुपारी ठेवायची आणि तिलाच हळदकुंकू वाहायचे. सत्तर वर्षे धुरपताबाई सुपारीला आई म्हणत आल्या.

आईबद्दल त्यांना ठाऊक होते ते मावशीने सांगितलेले. एक म्हणजे, "तू आईच्याच वळणावर गेलीस." दुसरे म्हणजे, आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. मावशीनेच आठ वर्षांच्या धुरपतेला चारठाण्याच्या, म्हणजे आईच्या माहेरच्या, बाजारात गोंदणारणीपुढे बसवून तिच्या हनुवटीवर तसेच तीन ठिपके गोंदवून घेतले. का, तर माणूस मेले की अंगावरचे सोने-नाणे लोक उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर जाते. वर गेल्यावर आईने लेकीला ओळखावे, म्हणून.

म्हातारपणी त्यांना त्याचाच घोर लागला होता. एकदा शिवकन्येला त्या म्हणाल्या, "आई मला ठिपक्यांवरून ओळखंल. पर मी तिला कशी ओळखू? तिकडं ठिपक्याच्या बाया काय कमी असतील?"

शिवकन्या हसली नाही. ते वाक्य तिच्या मनात घर करून राहिले आणि त्यातून तिला ती कल्पना सुचली. आत्याआजी आईच्या वळणावर गेली आहे ना? मग तिच्याच तरुणपणीच्या फोटोतून तिची आई करायची. चेहरा तोच, फक्त काळ मागे न्यायचा. नवमीच्या दिवशी सुपारीच्या जागी आई ठेवायची. मित्रांनो, माझ्या जन्मामागे फसवणूक नव्हती, माया होती. म्हणूनच मला कोणावर धड रागावताही येत नाही.

त्या फ्रेममध्ये जो फोटो होता, तो खरा जुना. त्याला मी माझा थोरला मानतो, जरी आमची गाठ एका दिवसाचीच. तो परभणीच्या उरुसातला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी धुरपताबाई नवऱ्याबरोबर उरूस पाहायला गेल्या, तेव्हा तंबूतल्या फोटोवाल्याने काढलेला. मागे पडद्यावर विमान रंगवलेले. ओल लागून नवऱ्याचा निम्मा चेहरा गेला होता, पण खांदा, फेट्याचा शेव आणि एक डोळा शाबूत होता. धुरपताबाईंची बाजू बरीच टिकली होती. चेहऱ्याभोवती बुरशीचे बारीक काळे ठिपके पडले होते, एवढेच.

नागेशने आधी कॅमेऱ्याने काचेवरून फोटो घेतला. तो त्याला पसंत पडेना. काचेची चकाकी येत होती. तो म्हणाला, "ताई, काच काढून स्कॅन केला तर लय भारी येतंय." शिवकन्येने मान हलवली. आता ज्याने इतकी वर्षे हे काम केले त्याला हे ठाऊक असायला हवे होते की ओलीने काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नसतो. ठाऊक होतेही. पण ब्लेडने कडा सुटल्या, अर्धा भाग अलगद आला आणि त्याला वाटले की येईल. मग एक बारीक आवाज झाला. कागद हातात आला तो कोरा, पांढराफटक. चित्राच्या पापड्या काचेला चिकटून राहिल्या आणि नागेशने काच उचलली तशा त्या टेबलावर झडल्या.

शिवकन्येने सांडलेल्या पापड्या बोटाने गोळा करून कागदावर ठेवल्या. मग नागेश म्हणाला की कॅमेऱ्यातला फोटो आहे, त्यावर काम करतो, काळजी करू नका. त्याने काच आणि कोरा कागद परत फ्रेममध्ये बसवला, शिवकन्येने ती टॉवेलात गुंडाळली आणि संध्याकाळी पेटीच्या तळाशी जशीच्या तशी ठेवून दिली. आत्याआजीला दिसते कुठे, असे तिने मनाला समजावले. मोतीबिंदूने धुरपताबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरली होती. ती फ्रेम त्या फक्त हाताने चाचपून पाहायच्या.

आता माझ्या घडणीची गोष्ट ऐका. पडद्यावर प्रथम तो तंबू गेला, विमान गेले, नवऱ्याचा खांदा गेला. मागे चारठाण्याच्या देवळाचा एक खांब आला, कुठल्याशा जोडप्याच्या लग्नाच्या फोटोंमधून उचललेला. कपाळावर मोठे आडवे कुंकू आले. मग नागेशने चेहरा साफ करायला घेतला. रोज नवऱ्यामुलींच्या गालांवरच्या पुटकुळ्या पुसणारा हात तो. बुरशीचा एकेक ठिपका तो टिपत गेला. कपाळावरचा, गालावरचा, हनुवटीवरचे तीन. ते तीन बुरशीचे नव्हते. नागेशने धुरपताबाईंना कधी पाहिले नव्हते, त्याला काय कळणार? शिवकन्या शेजारीच बसली होती. पण जे तोंड रोज समोर असते त्यावरचे काही आपल्याला दिसेनासे होते. तिलाही ते आठवले नाही.

खरे डाग असे पुसले गेले आणि मग खोटे डाग लावायला सुरुवात झाली. रंग तपकिरी केला. बारीक रवाळपणा आणला. ओरखडे मारले, घडीची रेघ ओढली, शिक्का उमटवला आणि कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो लगेच पुसलाही. मला खरखरीत कागदावर छापल्यावर नागेश मला मागच्या मोरीत घेऊन गेला. तिथे परातीत चहाचे पाणी निवत ठेवले होते. त्यात त्याने मला बुडवले, काढले, पत्र्यावर उन्हात वाळवले, खरीखुरी घडी घातली, उघडली आणि कोपरा बारीक पॉलिश पेपरने घासला. एका दिवसात माझी ऐंशी वर्षे झाली. नागेशला माझा फार अभिमान वाटला. शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही, खोटे कशाला बोलू, आपण कोणीतरी मोठे आहोत असे वाटले.

नवमीला मी घरात आलो. शिवकन्येने सांगितले की चारठाण्याच्या एका घरात जुन्या पेटीत सापडला, तिथल्या लोकांनी पाठवला. भागवतचा विश्वास बसला. त्याने मला दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावले. मग मला धुरपताबाईंच्या मांडीवर ठेवण्यात आले. त्यांनी माझी काच पदराने पुसली. मला डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ नेले. तिथे त्यांना काय दिसले असेल? एक तपकिरी धुके आणि त्यात एक बाई.

"आलीस का?" त्या मला म्हणाल्या. "लय दिवस लावलेस."

मित्रांनो, त्यानंतरचे पाच महिने माझे सुखाचे होते आणि त्याच सुखाची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर मला टांगले होते. धुरपताबाई वाती वळताना माझ्याकडे तोंड करून बसायच्या. सरकीचे भाव, शेजारणीची सून, भागवतचा खोकला, सगळे त्या मला सांगायच्या. सत्तर वर्षांचे साठलेले होते. नवरा गेल्याचे त्यांनी मला तीन वेळा सांगितले, दर वेळी पहिल्यापासून. आई म्हणून जे ऐकायचे असते ते मी ऐकत होतो आणि गप्प होतो. येणारेजाणारे म्हणायचे, किती जुना फोटो, कसा जपला असेल लोकांनी. शेजारच्या कुसुमबाई मला रोज हात जोडायच्या.

भागवत तीन वर्षांपासून डोळ्यांच्या ऑपरेशनचे म्हणत होता. धुरपताबाई दाद देत नव्हत्या. आता काय बघायचे राहिले आहे, असे म्हणून विषय संपवायच्या. पण त्या माघात त्या आपण होऊन म्हणाल्या, "भागवता, मला डोळे करून आन. मला आई नीट बघायचीय."

मी भिंतीवरून ते ऐकले. शिवकन्येनेही. ती त्या दिवशी जेवली नाही. पण ऑपरेशन नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हते आणि माझ्याकडे तोंड नव्हते.

ऑपरेशन परभणीला झाले, नीट झाले. दहा-बारा दिवस काळा चष्मा, डोळ्यांत थेंब, पाणी लागू द्यायचे नाही. धुरपताबाईंनी ठरवले होते की चष्मा उतरल्यावर पहिल्यांदा आईकडेच पाहायचे. तोवर त्या माझ्याकडे पाठ करून बसायच्या. एका सकाळी, भागवत शाळेत गेल्यावर, त्यांनी चष्मा काढून ठेवला. शिवकन्येला मला खाली काढायला लावले. मला घेऊन त्या उंबऱ्यात, उजेडात बसल्या.

त्यांनी आधी माझ्याकडे पोटभर पाहिले आणि त्या हसल्या. मग त्यांचे बोट काचेवरून खाली आले आणि हनुवटीशी थांबले. तिथे त्यांनी पदराने पुसले. पुन्हा पुसले.

"हिच्या हनुवटीला काहीच न्हाई," त्या म्हणाल्या.

शिवकन्या म्हणाली की फोटो जुना आहे, उडाले असेल. त्यांनी ऐकले, मान हलवली, आणखी पाहिले. मी मनात म्हणत होतो की बाई, आता पुरे, मला परत भिंतीवर टांगा. पण इतक्या वर्षांनी दिसायला लागलेले माणूस कधी पाहायचे थांबते का? त्यांची नजर ओठांवर गेली. ते ओठ मिटलेले आहेत, पण एका बाजूने किंचित वर गेले आहेत, आतले हसू दाबल्यासारखे. नागेशने सगळे बदलले, तेवढे बदलायचे त्याला कारण नव्हते.

धुरपताबाईंनी बोट त्या ओठांवर ठेवले. "हे हसू माझं हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, जणू स्वतःशीच, "उरसात फोटोवाला म्हनला, हलू नका. तवा ह्येनी माझ्या कानात म्हनले, हसू नको, इमान पडंल."

त्या वेळी दाबलेले हसू मी साठ वर्षांनी तोंडावर घेऊन बसलो होतो, आई म्हणून.

त्यांनी पेटी ओढायला सांगितली. शिवकन्या जागची हलली नाही, म्हणून स्वतः उठून ओढली. टॉवेल सोडला. फ्रेममध्ये काच होती, कोरा कागद होता आणि दोहोंच्या मध्ये, खालच्या कडेला, काळ्या पापड्यांचा चिमूटभर चुरा. त्यातच कुठेतरी तो फेट्याचा शेव असेल, तो डोळा असेल. डोळे चांगले झाल्यामुळे त्यांना ते सगळे स्वच्छ दिसले.

शिवकन्येने पाय धरले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. धुरपताबाईंनी तिला उठवले नाही, झिडकारलेही नाही. मग त्या बोलल्या. "तू माझी आई आनाय गेलीस, आन् मला घालवून आलीस."

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यात तर फोटो होता. आम्हालाही तीच एक आशा होती. दुसऱ्या दिवशी शिवकन्या मला आणि आत्याआजीला घेऊन स्टुडिओत गेली. नागेशने शोध शोध शोधले. कॅमेऱ्याचे कार्ड लग्नाच्या हंगामात कितीदा तरी पुसून वापरून झाले होते. कॉम्प्युटरमध्ये शिल्लक होतो तो मी, सगळ्या डागांसकट एकजीव झालेला. त्याने डाग काढून पाहिले, तर चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत झाला. मग तो म्हणाला की निदान ठिपके तरी बसवतो, कसे होते दाखवा. धुरपताबाईंनी हनुवटी पुढे केली. सत्तर वर्षांत ती कातडी सुरकुतली होती. हिरवा रंग पसरून तिन्ही ठिपके एकमेकांत मिसळले होते. एका ओळीत होते की त्रिकोणात, ते नागेशला सांगता येईना आणि आता त्यांनाही आठवेना. त्याने पडद्यावर तीन ठिपके ठेवले, सरकवले, लहान केले, मोठे केले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असे तोच पुटपुटला.

धुरपताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. तू तरी काय करशील."

येताना रस्त्यात शिवकन्या म्हणाली की मी हा फोटो फाडून टाकते, तुमची आई पहिल्यासारखी राहू द्या. मी टॉवेलात होतो. मला ते मान्य होते. धुरपताबाई चालता चालता थांबल्या.

"फाडून काय व्हतंय? आधी डोळे मिटले की आई दिसायची न्हाई, पर असायची. आता डोळे मिटले की मीच दिसते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी ऐकलेले सर्वांत खरे वाक्य ते आहे. सुपारीला डोळे नव्हते, नाक नव्हते, म्हणून तिच्यात आई मावत होती. मी मध्ये येऊन बसलो आणि ती जागा अडवली. मी तिथून उठू शकत नाही, फाटलो तरी.

त्यांनी मला परत भिंतीवर लावायला सांगितले. भागवतला काही कळू द्यायचे नाही, पोरीच्या तोंडाला काळे लागायला नको, एवढेच बजावले. पण त्यानंतर त्या वाती वळायला दाराकडे तोंड करून बसू लागल्या. माझ्याशी बोलणे बंद झाले. कोणाशीच फारसे राहिले नाही.

पुढची नवमी आली. भागवतने हौसेने मला खाली घेतले, काचेवर हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. समोर पान वाढले. साठ वर्षे विधवापण काढलेली बाई दारात जिवंत बसली होती आणि तिच्याच तोंडाला सवाष्णीचे कुंकू आणि गेलेल्या माणसाचा हार चढत होता. शिवकन्या स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. धुरपताबाई उठल्या, डब्यातून एक सुपारी काढली, माझ्या शेजारी पाटावर ठेवली आणि तिच्यासमोर हात जोडून डोळे मिटले.

भागवत म्हणाला, "आत्या, आता फोटो हाय की. सुपारी कशाला?"

"असू दे. सवय हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी लगेच डोळे उघडले. सुपारीतही आता कोणी नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

पौषात धुरपताबाई गेल्या. दुखणे असे काही नव्हते. जेवण कमी होत गेले आणि एका पहाटे शिवकन्येने हाक मारली तेव्हा त्या उठल्या नाहीत. त्यांना बाहेर नेण्याआधी बैठकीत, माझ्या बरोबर समोर ठेवले होते. बायकांनी कानातले उतरवले, गळ्यातली माळ उतरवली. हनुवटीवरचे हिरवे तेवढे राहिले. ते त्यांच्याबरोबर गेले. आई भेटली असेल, तर तिने ओळखलेही असेल. पण लेक तिच्याकडे पाहून काय म्हणाली असेल, याचा विचार मी करू शकत नाही.

चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकासाठी फोटो हवा होता. दुसरा नव्हताच. आधार कार्डावरचा घेतला, धुरकट, डोळे अर्धे मिटलेला. नागेशने तो मोठा केला. शिवकन्येने त्याला बजावले होते की कशालाही हात लावू नको. त्याने लावला नाही, पण त्या फोटोत हनुवटीवर मुळातच सावली आहे. ठिपके त्यातही दिसत नाहीत. तेराव्याला तो माझ्या शेजारी टांगला.

आता आम्ही दोघे एकाच भिंतीवर आहोत. येणारी माणसे एकदा त्यांच्याकडे पाहतात आणि एकदा माझ्याकडे. कुसुमबाई परवा म्हणाल्या, "लेक आईवर गेली व्हती बगा, हुबेहूब." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवकन्या चहाचे कप उचलून आत गेली.

गेल्या महिन्यात एका दुपारी घरात कोणी नसताना शिवकन्येने मला खाली काढले. वाटले, आता फाडते. तिने फ्रेमचे मागचे खिळे उचकटले, मला पालथे केले आणि पेनने माझ्या पाठीवर लिहिले. पेन अडखळत होते, कारण चहाच्या पाण्याने कागद खरबरीत झाला आहे. तिने लिहिले, "ही आई नाही. ही धुरपताबाई आहे, वय एकोणीस, परभणीच्या उरुसात. हनुवटीवर तीन ठिपके होते, ते मी घालवले." खाली स्वतःचे नाव लिहिले. मग पुठ्ठा लावला, खिळे बसवले आणि मला जागेवर टांगले.

तर मित्रांनो, मनोगताच्या शेवटी काहीतरी मागायचे असते, म्हणून मागतो. तुमच्या घरी जर एखादा खरा जुना फोटो असेल, डागांचा, फाटका, तोंड नीट न दिसणारा, तर त्याचे डाग पुसू नका. त्यातला कुठला डाग त्या माणसाचा आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. तो काचेला चिकटला असेल तर तसाच राहू द्या. त्यातले माणूस कोण आहे हे सांगणारे कोणी अजून घरात असेल, तर आजच विचारून घ्या. आणि नव्या फोटोला जुना करण्याची हौस आली, तर थोडे थांबा. तुम्ही काही न करता तो जुना होतोच.

माझे म्हणाल, तर माझ्यासाठी आता करण्यासारखे काही उरलेले नाही. पुढच्या नवमीला भागवत मला पुन्हा हार घालील. पुढे कधीतरी या घरातली मुले विचारतील की ही कोण, आणि त्यांना सांगितले जाईल की ही धुरपताआजीची आई, चारठाण्याची, फार जुना फोटो आहे. मुले हात जोडतील. एवढ्या घरात माझ्याविषयी खरे सांगणाऱ्या तीन ओळी फक्त माझ्या पाठीवर आहेत, आणि माझी पाठ भिंतीकडे आहे.